भेटीवरची जकात

उंबरदरा, जि. बीड
१२ नोव्हेंबर १९८६

चिरंजीव शहादेव भावजींना वैनीचा आशीर्वाद.

तुमचं पत्र दिवाळी झाल्यावर पोचलं. दीड वर्षानं पत्र धाडलं आन् त्यात चार वळी. लेक झाली, नोरा बरी हाय, आईचं नाव म्हणून मुक्ता ठिवलं, दादांना सांगा. विलायतेत शाई लई महाग झाली काय?

दादांना सांगितलं. हे जेवत व्हते. भाकरी मोडता मोडता थांबले, परत मोडाया लागले. मंग "सोसायटीत मीटिंग हाय" म्हणून उठून गेले. मीटिंग काही नव्हती. सोसायटीची चावी आपल्याच खुंटीला लटकत व्हती.

नोराबाईला आमच्या घरचा राग म्हाईत नसंल तर नीट सांगा. दोन वर्षांत शिकून येतो म्हणून तुमी गेलतात. ह्यांनी सोसायटीच्या गोदामाशेजारच्या दोन खोल्यांना चुना दिला, माझा भाऊ इथं दवाखाना टाकणार म्हणून गावाला सांगितलं. चेअरमनचा शब्द. मंग तुमचं पत्र आलं की लग्न केलं, आता इथंच राहणार. त्या खोल्यांचं कुलूप अजून तसंच हाय आन् ह्यांच्या तोंडाचंबी.

पर लेकरानं कुणाचं काय केलंय? मी पार्सल धाडलंय. मुक्तासाठी कुंची, चांदीचे वाळे, आत्याबाईंच्या, तुमच्या आईच्या, दोन लुगड्यांची दुपटी. नोराबाईसाठी डिंकाचे एकवीस लाडू. बाळंतिणीनं रोज एक खायचा, तुमी न्हाई. आंबाजोगाईच्या मोठ्या पोस्टात गेलते. तिथं एक हिरवी चिठ्ठी दिली. आत काय हाय आन् किंमत किती ते लिवायचं. तिथल्या साहेबानं लिवून दिलं. किंमत मी दोन हजार सांगितली. आपल्या घरच्या पहिल्या लेकीला जातंय, कमी कशाला सांगायचं?

इकडं समदं ठीक. पाऊस बरा झाला.

तुमची वैनी,
वत्सला


लीड्स
९ जानेवारी १९८७

ती. वैनींना शहादेवचा सा. नमस्कार.

पार्सल पोचलं. म्हणजे आधी पार्सल आलं नाही, एक कार्ड आलं. तुमच्या नावानं माल आला आहे, जकात भरा आणि घेऊन जा. वैनी, तुम्ही मला प्रेमानं लुटलंत.

आपल्याकडं बीडच्या नाक्यावर ट्रक थांबवतात तशी इथं परदेशातून आलेली पार्सलं थांबवतात. घरच्या माणसानं घरच्या माणसाला पाठवलेली भेट असेल आणि किंमत थोडी असेल तर तशीच सोडतात. पण चिठ्ठीवर "भेट" असं लिहिलेलं पाहिजे. ते तुमच्याकडून राहिलं. आणि किंमत ठरावीक आकड्याच्या वर गेली की भेट असो की काही असो, जकात द्यावी लागते. वर पोस्टाची पार्सल सांभाळल्याची फी. तुमचे दोन हजार त्या आकड्याच्या किती वर गेले ते सांगत नाही, तुम्हाला जेवण जाणार नाही.

अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता, पण लाडवांपाशी अडला. चिठ्ठीवर डिंकाचे लाडू म्हणजे "डिंकाचे एकवीस गोळे" असं इंग्रजीत लिहिलं होतं आणि इकडं डिंक म्हणजे कागद चिकटवायचा. एकवीस गोळे कशाला लागतात, असं त्यानं विचारलं. बाळंतीण खाते म्हटल्यावर तो माझ्याकडं जरा काळजीनं बघायला लागला. शेवटी त्याच्यासमोर एक लाडू खाल्ला. मग त्यानं विचारलं, ह्यात इतकं महाग काय आहे? खरी किंमत सांगावी तर तुमची चिठ्ठी खोटी ठरते, खोटं सांगावं तर दंड. मुकाट पैसे भरले. नोराला मात्र वीसच लाडू मिळाले म्हणून ती अजून मला ऐकवते.

मुक्ताला दुपट्यात गुंडाळलं की झोपते. दुसऱ्या कशात नाही. हे मी उगाच लिहीत नाही.

आता दोन गोष्टी विचारतो. लाडवांभोवती कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद मी हातानं सारखा करून वाचला. जनावरांच्या छावण्या, गावोगाव टँकर, आणि बातमी बीडचीच. तुमचा पाऊस कोणत्या गावात बरा झाला?

दुसरी. हिरव्या चिठ्ठीवरचं इंग्रजी पोस्टातल्या साहेबाचं, असं तुम्ही लिहिता. त्या साहेबाच्या इंग्रजी "जी"ला खाली लांब शेपूट आहे. असं शेपूट काढणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि त्यानं मला धारूरच्या शाळेत जाण्याआधी पाटीवर ते गिरवायला लावलं होतं.

तुमचा,
शहादेव


उंबरदरा
२० फेब्रुवारी १९८७

चिरंजीव भावजी,

डॉक्टर झालात तरी मेलं बारीक बघायची सवय गेली न्हाई. बरं, खरं लिवते. ह्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून. तुमी सांगणार तरी कसे, बोलताच न्हाई एकमेकांशी.

त्या दिवशी हे माझ्यासंगं आले. आंबाजोगाईला सोसायटीचं काम हाय म्हणाले. पोस्टात माझ्यापासून चार हात लांब उभे, जशी मी कुणाची कोण. साहेबानं चिठ्ठी लिवली. ह्यांनी मान लांब करून बघितली. "कुंची"च्या जागी "टोपी" लिवलं व्हतं. हे पुढं आले आन् म्हणले, "साहेब, कुंची टोपी नसती. नवी चिठ्ठी द्या." मंग स्वतः लिवाया बसले. अर्धा तास. मागं रांग लागली, लोक बोलाया लागले, ह्यांना काही ऐकू आलं न्हाई.

किंमतबी ह्यांचीच. मी दोनशे लिवा म्हणलं. हे म्हणाले, "शहादेवच्या लेकीला दोनशेचं जातंय व्हय?" आन् दोनावर तीन शून्यं काढली. तुमचं नाव त्यांच्या तोंडून दोन वर्षांनी ऐकलं. मी काही बोलले न्हाई, बोलले असते तर परत तोंड मिटलं असतं.

तुमी जकात भरली ते मी त्यांना वाचून दाखवलं. मंग म्हणाले, "पर सोडवून घेतलं ना?" म्हणलं, घेतलं. दुपट्याचं तर दोनदा वाचाया लावलं, मला ऐकू येत न्हाई असं सांगून.

पावसाचं खोटं लिवलं, चुकलं. तुमाला लांबून काय काळजी लावायची. ज्वारी गेली, कापूस गुडघ्याइतका व्हऊन वाळला. तेलगावकडं ज्यांच्या विहिरीला पाणी व्हतं त्यांचाबी ऊस जनावराच्या तोंडी गेला. टँकर एक दिवसाआड येतो. निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिमेला गेलंय. राहिलेल्या बायका रोजगार हमीवर जातात, मीबी गेले पंधरा दिवस. चेअरमनची बायको खडी फोडती म्हणून बायडाबाई हसली, मंग तिनंच मला पाटी उचलाया शिकवलं.

सोसायटीनं छावणी घातलीय, तीनशे जनावरं. तुमचे दादा पहाटेपासून तिथं. गड्यांसंगं कडब्याच्या पेंढ्या स्वतः उतरवतात. परवा मधीच खाली बसले, डावा हात दाबीत, घामानं भिजलेले. मी म्हणलं, पन्नाशी आली, आता तरुण गड्यांशी पैज लावू नका. हसले. दोन घोट पाणी पिऊन परत लागले.

मुक्ताला गालाला बोट लावून माझं नाव सांगा.

तुमची,
वत्सला


लीड्स
१६ मार्च १९८७

ती. वैनींना सा. नमस्कार.

दोनावर तीन शून्यं काढणाऱ्या माणसाला सांगा, तिसरं शून्य मला परवडलं नाही, पण कार्ड मी जपून ठेवलं आहे. असं नका सांगू. काहीच सांगू नका. तुम्हाला काय सांगावं ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता हसणं बाजूला ठेवून वाचा. दादा डावा हात दाबत खाली बसले आणि घाम आला, हे तुम्ही पेंढ्यांच्या गोष्टीत लिहून टाकलंत. मी ते वाक्य रात्रीच्या ड्युटीवर अनेकदा वाचलं. असं परत झालं का? चढावर चालताना छाती भरून येते का? जबड्यात किंवा पाठीत दुखतं का? वैनी, हे पन्नाशीचं नाही, काळजाचं असू शकतं. एक पेंढीही उचलू देऊ नका. आंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात बंकट आहे, माझ्याबरोबर शिकलेला, आपल्या घरी दोनदा जेवून गेलेला. त्याला मी वेगळं पत्र टाकलं आहे. ह्याच आठवड्यात दाखवा. मी सांगितलं म्हणून येणार नसतील तर माझं नाव काढू नका.

एक खोकं पाठवतो आहे. त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र, दादांसाठी लोकरीचा स्वेटर, मुक्ताचा फोटो. औषधं मुद्दाम घातली नाहीत. टपालानं औषधं पाठवायला कागदपत्रं लागतात, ती अडकली तर कामाच्या वेळी हाती नसतील. औषध बंकट देईल तेच घ्या.

चिठ्ठीवर मी "भेट" लिहिलं आहे आणि किंमतही खरी लिहिली आहे. तरी आपल्याकडची जकात इकडच्यापेक्षा कडक असते असं ऐकतो. यंत्र अडकलं तर मी लुटलं म्हणू नका.

शहादेव


आंबाजोगाई, दवाखान्यातून
२२ मे १९८७

चिरंजीव भावजी,

बंकटभावजींची तार मिळाली असंल. पहिलं हे वाचा. दादा बरे हायत. काल चार पावलं चालले, आज नर्सबाईशी भांडले. आता सगळं सांगते, मधलं काही न लपवता.

तुमचं मार्चचं पत्र मी, नाव काढू नका ते तेवढं गाळून, वाचून दाखवलं. "तिथं बसून पत्रातनं तपासतो व्हय?" म्हणाले आन् छावणीत गेले. मी रोज म्हणायची, हे उद्या म्हणायचे. छावणी कुणावर टाकू, हे एकच.

मे लागला तसं खोक्याचं कार्ड आलं. आपला पोस्टमन सटवा दारात उभा. जकात भरा, खोकं तेलगावच्या पोस्टात हाय. आकडा मी दोनदा विचारला. भावजी, आता तुमी आमाला लुटलंत, फिटंफाट झाली. हे म्हणाले, "परत धाडा. टँकरच्या पाण्यावर जगायचं आन् विलायती स्वेटर सोडवून आणायचा?" सटवा म्हणला, "चेअरमन, सात दिवस ठिवतेत, मंग माघारी जातंय."

सहाव्या दिवशी दुपारी हे घरी न्हाईत, छावणीत न्हाईत, सायकल न्हाई. कुणाला न सांगता तेलगावला गेलते. जकात भरली, खोकं कॅरेजला बांधलं आन् त्या उन्हात माघारी निघाले. कारखान्याच्या वळणापाशी छातीत कळ आली. सायकल उभी केली, पडू दिली न्हाई, खोक्यात यंत्र हाय म्हणून. मंग लिंबाखाली बसले. छावणीला चारा घेऊन येणारा ट्रक मागून आला म्हणून बरं. डायवरनं ओळखलं, चाऱ्यावर झोपवलं आन् थेट आंबाजोगाई गाठली. खोकं सोडा म्हणला तर ह्यांनी सोडलं न्हाई.

बंकटभावजी दारातच भेटले. नाव ऐकल्याबरोबर म्हणले, "शहादेवचे दादा? मी दोन महिने वाट बघतोय तुमची." अजून एक तास गेला असता तर अवघड व्हतं असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी पदर तोंडात कोंबून ऐकलं.

आता हसा जरा. तिसऱ्या दिवशी ह्यांनी खोकं सोडाया लावलं आन् स्वेटर अंगात घातला. मे महिना, पंखा गरम वारा फेकतोय, आन् हे लोकर घालून बसलेले. नर्सबाई ओरडली. हे म्हणाले, "भावानं धाडलाय. माप बरोबर हाय का बघतो." मंग दिवसभर माप बघत व्हते. शेजारच्या खाटेवरच्याला, झाडणाऱ्या बाईला, समद्यांना सांगून झालं की भाऊ विलायतेत डॉक्टर हाय. मुक्ताचा फोटो उशीखाली. कुणी विचारलं न्हाई तरी काढून दाखवतात. दोन वर्षांचं सगळं आठ दिवसांत बोलून टाकलं.

पर तुमाला पत्र लिवा म्हणलं की भिंतीकडं तोंड करतात. रागानं न्हाई. मला वाटतं, सुरुवात कशी करायची ते त्यांना कळत न्हाई.

वत्सला


लीड्स
८ जून १९८७

ती. वैनींना सा. नमस्कार.

तार आली त्या दिवशी मी दवाखान्यात दुसऱ्यांच्या वडिलांची छाती तपासत होतो. बंकटशी ट्रंककॉल लावून बोललो. तो म्हणतो, आता काळजी नाही, पण सायकल आणि पेंढी दोन्ही बंद. मी पाठवलेल्या खोक्यानंच त्यांना उन्हात नेलं, हे माझ्या मनातून जात नाही. तुम्ही फिटंफाट म्हणालात, माझ्या हिशेबानं ती झाली नाही.

आम्ही येतोय. मी, नोरा आणि मुक्ता. अठरा जुलैला औरंगाबादला उतरून दुसऱ्या दिवशी एस.टी.नं तेलगाव. नोरानं नऊवारीचा फोटो बघितला आहे आणि तिला तुमच्याकडून नेसायला शिकायची आहे. तुमच्या हातात ती आली की काय होईल ह्याची मला आतापासून धास्ती आहे. तुम्ही दोघी मिळून माझी टिंगल कराल आणि भाषा येत नाही ही सबब चालणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, दादांनाही वाचून दाखवा. आम्ही सहा आठवडे राहणार आणि परत जाणार. दोन वर्षांत येतो असं एकदा लिहिलं आणि मोडलं. तेव्हा खरं बोलायला लाजलो, म्हणून दीड वर्ष पत्रच टाकलं नाही. त्यांचा राग होता म्हणून नव्हे, माझ्याकडं सांगायला तोंड नव्हतं म्हणून. आता परत गोड लिहून त्यांना खोल्यांना चुना द्यायला लावणार नाही. हे ऐकून त्यांना मी नको असेन तर तसं कळवा. आम्ही बंकटकडं उतरू आणि त्यांना लांबून बघून जाऊ.

शहादेव


उंबरदरा, जि. बीड
२५ जून १९८७

चि. शहादेव यास गहिनीनाथचा आशीर्वाद.

तुझं पत्र वत्सलानं वाचून दाखवलं. मग मी स्वतः वाचलं. मला सवय ठराव लिहायची, पत्र लिहायची मोडली आहे, तेव्हा भाषा सरकारी वाटली तर चालवून घे. वत्सलाला ह्या कागदाला हात लावू दिलेला न्हाई. ती दाराआडून डोकावते आहे.

लांबून बघून जाऊ, असं तू लिहिलंस. हे डॉक्टरानं लिहायचं वाक्य आहे का? बंकटला मी निरोप दिला आहे की तुमच्याकडं कुणी विलायतेहून उतरायला आलं तर दारातून माघारी लावून द्या.

खोल्यांबद्दल. एका खोलीत छावणीचा पेंड-चुनीचा साठा आहे. दुसरीत रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची लेकरं दिवसभर असतात, बायडाबाई सांभाळते. सोसायटीचा ठराव होऊन मार्चमध्येच दिल्या. मी दवाखान्यातून आल्यावर दोन दिवस त्या ओट्यावर बसलो. आत लेकरं ओरडतात, भिंतीवर कोळशानं रेघोट्या मारतात. चुना पार गेला. मी तीन वर्षं कुलूप लावून बसलो होतो, त्यात गावाचं नुकसान झालं, तुझं काही झालं न्हाई. तेव्हा आता तुझ्यासाठी रिकामी जागा इथं न्हाई. मोकळ्या मनानं ये आणि मोकळ्या मनानं जा.

सहा आठवडे म्हणालास तर सहाच राहा. सातवा वत्सलानं मागितला तर तिला उत्तर तूच दे, मी मधे पडणार न्हाई.

तू मला नाव न काढता दवाखान्यात पाठवायला निघाला होतास, हे मला नंतर कळलं. मीही पोस्टात तुझं नाव नको म्हणून चार हात लांब उभा राहिलो होतो. आपण दोघं एका आईचे, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

पाऊस अजून न्हाई. नोराबाईला सांग, पाणी मोजून वापरावं लागंल. पोरीसाठी उकळून वेगळं ठेवू. ती काय खाते, मऊ भात का दूध, ते कळव. गाय छावणीत आहे पण एक शेर देते, तेवढं पोरीला पुरंल. नोराबाईशी बोलायला मी इंग्रजीची चार वाक्यं घोकतो आहे. वत्सला हसते आणि मग तीच वाक्यं चुलीपाशी स्वतः म्हणते.

एकोणीस तारखेला तेलगावच्या स्टँडवर मी येईन. सायकलवर न्हाई, सटवाच्या मेव्हण्याची जीप सांगितली आहे. एस.टी. उशिरा आली तरी सावलीत बसंन, बंकटला तसा शब्द दिला आहे. गाडीतून उतरल्यावर पाया पडायची, रडायची, माफी मागायची घाई करू नको, स्टँडवर लोक असतात. आधी पोर माझ्याकडं दे. बाकीचं मग बघू.

तुझा,
दादा